सुट्टे

अकरा दिवस मी एकच वाक्य पाठ करत होते:
'इथं कुणी बसतंय का?'
हॉस्टेलच्या पायऱ्यांपासून डिपार्टमेंटच्या दारापर्यंत,
ओठ न हलवता.
वर्गात पोचेस्तोवर त्यातलं 'इथं' 'हितं' होऊन जायचं
आणि 'कुणी' घशातच बैठक मारायचं.
मग मी शेवटच्या बाकावर,
जिथं खरंच कुणी बसत नसे.

मेसमध्ये भरलं ताट घेऊन उभं राहणं
हा एक पेपरच,
त्याला सिलॅबस नाही.
तांबड्या रश्श्यावरचा तवंग निवायच्या आत
मी जेवून उठलेली असायचे.

आईचा फोन आला की ओढ्याकडं जायचे, मोर असतात तिकडं.
चंदगडचं बोलणं ऐकून मोर हसत नाहीत.
'झाल्या का गं मैत्रिणी?'
'झाल्या की.'
'कोण कोण?'
मी हजेरीतली दोन नावं सांगितली,
त्यातलं एक नसीमा शिकलगार.

ऑगस्टात झेरॉक्सच्या खिडकीपाशी
माझी अठरा पानं, माझी शंभराची नोट
आणि काकांचं 'सुट्टे द्या बाई, सुट्टे'.
मागं रांग. माझे कान गरम.
तेवढ्यात खांद्यावरून एक हात पुढं आला,
बोटात चांदीचं बारीक वळं.
अठरा रुपये काउंटरवर.
'घे. उद्या दे.'

दुसऱ्या दिवशी तीन लेक्चरं मी पैसे मुठीत धरून बसले.
तळहाताला लोखंडाचा वास.
सोळा तिनं घेतले,
दोनचं नाणं परत माझ्या वहीवर ठेवलं.
'हे राहू दे. उद्या मागते.
तेवढंच बोलणं हुईल.
मला पण सुचत न्हाई गं सुरवातीला काय.'

मी बघत राहिले.
हुपरीच्या एसटीतनं रोज खिडकीशी एकटी येणारी ही,
हिच्याही ओठांत एखादं वाक्य असणार,
अकरा दिवसांचं.

राजारामपुरीत मिसळ खाताना कट डोक्यात गेला
आणि माझ्या तोंडातून अख्खं चंदगडी वाक्य निसटलं.
'परत म्हण,' ती म्हणाली.
मी पाव मोडत बसले, मान खाली.
वर बघितलं तर तिनं वहीचं मागचं पान काढलेलं,
पेन उघडलेलं.
'अगं म्हण की. लिहून घेते.'

ते नाणं अजून माझ्या कंपासात आहे.
ती मागते, मी उद्या म्हणते.
कधी कधी दोघी विसरतो.

तिला सांगायचंय एकदा,
की तू जुलैपासून माझी मैत्रीण आहेस,
तुला नुसतं कळवायचं राहिलं होतं.

काल आईनं विचारलं,
'ती नसीमा बरी आहे न्हवं?'
पहिल्यांदाच मला थांबून आठवावं लागलं,
कारण उत्तर खरं होतं.
'सर्दी झालीय तिला,' मी म्हणाले,
'आणि माझ्यावर जरा चिडलीय.'