रेटिसंट

शब्द लक्षात राहत नसेल तर त्याला
आपल्या घरातलं काहीतरी नेसवायचं,
असं मी वर्गात सांगते.
कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
डोळ्यांच्या दवाखान्याच्या डोक्यावर.
कॅनडाला जायचं होतं मला.
रिक्षावाला रोज म्हणतो, आला की मॅडम, उतरा.

समोर बावीस जण. फळ्यावर मेलँकली.
मेली कळी, मी म्हणते,
आणि खोली क्षणभर खरंच उदास होते.
पॉसिटी: पाव सिटी, अख्ख्या शहराला एकच पाव.
एफेमरल: ए, फेम मरेल.
लॅक्रिमोजला निफाडची कस्तुरी बोरस्ते स्वतःच हात वर करते,
मॅडम, ल लासलगावचा!
आमच्याकडे कांदा चिरावाही लागत नाही,
वासानेच डोळे भरतात.

ही कार्डं जुनी आहेत.
जेलरोडच्या गच्चीवर, बारावीनंतर पाचव्या उन्हाळ्यात,
पहिली पाळी करून आलेले पप्पा
बुटांच्या खोक्यातून एकेक कार्ड काढायचे.
ते विचारायचे, मी सांगायचे.
स्पेलिंग त्यांच्या दातांत
शेपूच्या काडीसारखं अडकायचं.
गॅर… रु… लस.
बडबड्या, मी म्हणायचे, गारुड्यासारखा.
पप्पा मान हलवायचे. कार्ड खोक्याच्या मागच्या बाजूला.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये, शाईच्या खात्यात.
आत काय पाहिलं, काय छापलं,
एक अक्षर घरात आलं नाही.
आलं ते नखांच्या कडेला हिरवट काहीतरी,
जे आई ताट वाढताना
पाहून न पाहिल्यासारखं करायची.

मग एकदा मी हसत हसत लिहिलं:
रेटिसंट. अबोल.
कितीही रेटा, संतच.
उदाहरण, पप्पा.
आणि ते कार्ड नेमकं त्यांच्याच हातात आलं.
त्यांनी वाचलं. अर्थ विचारला. मी सांगितला.
बरोबर, म्हणाले,
आणि पुढचं कार्ड.

परीक्षेत तो शब्द आला नाही.
मार्क बरे पडले. बाकीचं जमलं नाही,
त्याला खोक्यात शब्द नव्हता.

मुलांना मी नियम सांगते:
शब्द पक्का झाला की युक्ती गळून पडते,
पोहायला आलं की पाठीचा डबा सोडतो तशी.
काही डबे सुटत नाहीत, हे सांगत नाही.

परवा ऋग्वेद गांगुर्डेला दाखवायला
खोकं उपसलं
आणि ते कार्ड उलटं पडलं.
मागे पेन्सिलीने,
हजेरीच्या रजिस्टरात शोभतील अशी सरळ, उभी अक्षरं:

कुणी रेटलंच नाही.

इतकंच. तारीख नाही, सही नाही.
मोगल मॅडम, ही दुसरी ट्रिक का? ऋग्वेद म्हणाला.
हो, म्हटलं. पहिलीपेक्षा बरी आहे.
पण तू पाठ करू नकोस.

संध्याकाळी बसने जेलरोडला गेले.
पप्पा गच्चीवर, कूलरचं जुनं गवत काढून
नवं भरत होते.
मी जाळीची दुसरी बाजू धरली.
बराच वेळ नुसतीच धरली.

पप्पा, शाईला वास कसा येतो हो?

ते थांबले.
ओठांत एक खिळा होता,
तो काढून खिशात ठेवला.
कोणत्या, म्हणाले,
ओल्या की सुकलेल्या?