दोन तासांचं काम

पहिले तीन महिने मला हातोडा मिळाला नाही.
मिळाला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, पाण्याची बादली
आणि ढवळीच्या त्या शेडमधला कोपरा
जिथे बंपर पडून असायचे, जबडे काढून ठेवावेत तसे.

आयटीआयच्या बॅचमधून डेंटिंगला मी एकटीच आले,
बाकीच्या मुली एसी दुरुस्तीला गेल्या.
आईने शेजारी सांगितलं, निमिषा गाड्यांच्या कंपनीत आहे.
संध्याकाळी खांडेपारला उतरायचे तेव्हा
केसांत पुट्टीची पूड,
वीस वर्षं पुढची मी.

इनास मेस्त कमी बोलायचा.
चुकलेल्या जागी बोटाने टकटक करायचा
आणि चहाला निघून जायचा.
पत्रा ठोकला की वाढतो, हे त्या टकटकीतून कळलं.
वाढलेला पत्रा जाणार कुठे? पोट काढतो.
दाबलं की टुप्प करून आत, सोडलं की बाहेर.
मग त्याला लाल तापवायचा, ओल्या फडक्याने विझवायचा,
तेव्हा कुठे अंग चोरून बसतो
बिनबोलावल्या पाहुण्यासारखा.

चौथ्या महिन्यात म्हणाला, "दोळे धांप गो. हातान पळय."
डोळे रंगाला भुलतात.
तळव्याखाली मऊ फडकं धरून
मी दरवाज्यावरून हात फिरवला, तिरका, सावकाश,
आणि सापडलं: नखाएवढं खोल,
कुणाच्या तरी गेटचा कोपरा.
त्या दिवसापासून हातोडा.

हाताला वाचता येऊ लागलं.
हा विजेचा खांब. ही रेंटची गाडी,
काळ्या पाटीवर पिवळे आकडे, माडाला दिलेली.
हा खनिजाच्या ट्रकने घासून नेलेला गाल,
खरवडीत अजून तांबडी माती.
सीटखालून काचेचे दाणे निघायचे,
एकदा तिसऱ्यांची पिशवी निघाली, चार दिवसांची,
मेस्त एवढा हसला की कॉम्प्रेसर बंद करावा लागला.

चवथीच्या आठवड्यात ती पांढरी गाडी आली.
मालक इस्त्रीच्या शर्टात. विमा नको, बिल नको, रोख.
बोरीच्या पुलाआधी म्हैस आडवी आली, म्हणाला.

मेस्त मला म्हणाला, बघ, किती तासांचं आहे.
मी सवयीने डोळे मिटले.

बॉनेटची कड. मग एक उतार, गोलसर,
माझ्या तळव्यात मावेल एवढा.
त्याच्या वर थोडी सपाटी. मग काचेचं जाळं सुरू.
मी हात तिथेच ठेवला.
कसं सांगू, तो उतार ओळखीचा होता:
बसमध्ये शेजारी डुलकी लागलेल्या माणसाचा खांदा
आपल्याला लागतो, तसा.

डोळे उघडले तेव्हा मेस्त माझ्या हाताकडे बघत होता.
त्याने स्वतःचा ठेवला, फडकं न घेता.
"म्हशीचो खांदो इतलो ल्हान नासता,"
म्हणाला. शर्टवाल्याला नाही, पत्र्याला.

शर्टवाल्याने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणखी काढल्या.
मेस्तने गाडीची किल्ली खिशात टाकली,
शटर अर्धं ओढलं, रॉकेलने हात धुतले,
खूप वेळ धुतले,
मग फोन उचलला.

त्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं तुटली.
माझा स्टायपेंड उशिरा झाला.
तो खांदा कुणाचा, मी विचारलं नाही.
पेपरात आलं असणार.
मास्किंगला आम्ही जुने पेपरच लावतो;
तेव्हापासून मी ते न वाचता फाडते.

गाडी फोंड्याच्या ठाण्याच्या आवारात उभी आहे.
टायर बसलेत, वायपरच्या खाचेत गवत आलंय.
कदंबच्या खिडकीतून रोज दिसते,
आणि रोज, सांगायला लाज वाटते,
माझा हात आधी हिशेब मांडतो:
आतून डॉली, वरून हलका हातोडा,
एकदा तापवणं, पुट्टीचा एक पातळ हात.
दोन तासांचं काम.