एकशे अठ्ठावन्न

वालपाराइसोच्या आमच्या टेकडीवर
रुळांवरून चढणारा तो लाकडी डबा
मार्चमध्ये बंद पडला.
दुरुस्ती, म्हणे. तीन आठवडे.
पाटीवर तारीख खडूनं लिहिली होती,
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बावन्नावं सरत होतं मला.
शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं उभी.
मसुराचं पातेलं उतरवायला दोघी लागतात,
त्यातली एक कायम मीच.
म्हणजे मेहनत नव्हती असं नाही,
पण ती सगळी एकाच बाजूला झिजवत गेली,
चपलेच्या टाचेसारखी.

दवाखान्यातली पोरसवदा डॉक्टरीण
कागदावरून नजर न काढता म्हणाली,
हाडं विरळ व्हायला लागलीत, सेन्योरा.
व्यायाम करता?
मी हसले.
ती हसली नाही.

आता माझं आरंभशूरपण सांगते:
ताणायचा रबरी पट्टा (हल्ली त्यानं खिडकी बांधलीय),
पोहण्याच्या तलावाचं कार्ड, त्यावर एकच शिक्का,
भाचीच्या पायात गेलेले बूट.
नव्याचे नऊ दिवस
मी कधी नऊसुद्धा भरवले नाहीत.

आणि आता या पायऱ्या. एकशे अठ्ठावन्न.
पहिल्या संध्याकाळी एकेचाळिसावर बसले,
कांद्याची पिशवी मांडीवर,
छातीत भाता.
तिथं एदेल्मीराचं दार. ती उंबऱ्यात शेंगा सोलत होती.
म्हणाली, बस. इथं सगळेच बसतात.
मूठभर शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या,
फुकट बसू देत नाही कुणाला.

मग मी टेकडी चढायचं सोडूनच दिलं.
एदेल्मीरापर्यंत जायचं, एवढंच.
तिथून निळ्या भिंतीपर्यंत.
तिथून त्या एका कानाच्या कुत्र्यापर्यंत,
तो दोन जिने सोबत येतो आणि मग
काहीतरी आठवल्यासारखा परत फिरतो.
मग घरच येतं.

मधेच अंगातून ती वाफ उठते,
कानशिलं तापतात, पाठ ओली.
घरात रिगोबेर्तो पंखा शोधायला धावतो बिचारा.
पायऱ्यांवर मी नुसता रुमाल सोडते,
समुद्रावरनं धुकं येतं
आणि मानेवर हात ठेवतं.

जुलैत मात्र मोडलं.
आधी ताप, मग सासूबाईंचा ताप,
मग नुसताच आळस, खोटं कशाला बोला.
तेवीस दिवस लांबच्या रस्त्यानं बसमधून गेले,
टेकडीकडे पाठ करून बसायचे.
चोविसाव्या दिवशी बस आली नाही.
पायऱ्यांनी हजेरी मागितली नाही.
एदेल्मीरानंही नाही,
तिनं शेंगांची टोपली फक्त जरा सरकवली.
त्या दिवशी निळी भिंत गाठली आणि
तिथंच पंधरा मिनिटं बंदरातल्या क्रेन बघत राहिले.
पुरे झालं तेवढं. खरंच पुरे झालं.

पुढल्या फेब्रुवारीत डबा सुरू झाला.
नगरपालिकेनं बँड आणला, रंग नवा, तिकीट वाढवलेलं.
शेजारच्या फ्रेसिया मला म्हणाल्या, सुटलीस बाई!
बसले की मीही. बटाट्याचं पोतं होतं सोबत,
अभिमान काही बटाटे वाहत नाही.

खिडकीतून पायऱ्या खाली खाली जाताना दिसल्या.
एकेचाळिसावर कोणी अनोळखी बाई,
माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल,
तोंड उघडं, हात गुडघ्यांवर.
आणि एदेल्मीराचा हात
टोपलीतून वर येताना.

गुडघा अजून कुरकुरतो. उजवा, बहुतेक थंडीत.
डॉक्टरीणबाईंचा नवा कागद पुढच्या महिन्यात.
काय यायचं ते येईल त्यात.
आज मंगळवार आहे, सहा वाजायला आलेत,
आणि तिथं आता सोलायला आम्ही तिघी आहोत,
उशीर झाला तर
चांगल्या शेंगा संपतात.