छत्तीसावर थांबते

लेबलावर चाळीस लिहिलंय.
काचेची नळी रममध्ये सोडली
की ती डुलत डुलत छत्तीसावर थांबते.
मधले चार कुठे गेले ते मला ठाऊक आहे :
साखरेची पोती मीच मोजून घेते,
मंगळवारी, मागच्या दाराशी.

सान पेद्रोच्या या कारखान्यात माझं काम नाकाचं.
सत्तावीस वर्षं.
पेल्यात बोटभर ओतायची, फिरवायची, आणि थांबायचं.
घायकुत्याला नुसता स्पिरिटचा झटका मिळतो.
थांबलं तर व्हॅनिला येते,
मग भाजलेल्या केळ्याची साल,
जुन्या पिंपाचं दमट लाकूड,
ते काही बोलणार, इतक्यात
साखर सगळ्यांना कोपरानं सारून पुढे.

वहीत लिहिते : नाक सहा.
जीभ सात, पण खुशामतखोर.
शेवट तोकडा. घशापाशी येते
आणि काय सांगायचं होतं तेच विसरते.
भाव साडेचारशे पेसो. या भावात, ठीक.

परवा राजधानीतून एक जाणकार आला होता,
इस्त्रीचा लिननचा शर्ट, खिशात स्वतःचा पेला.
म्हणाला, बाई, ही रम नव्हे, पाक आहे.
मी मान हलवली. खोटं काय होतं त्यात?

उरलेली बाटली घरी नेली.
बाबा ओट्यावर बसलेले, एलेउतेरियो,
एक्केचाळीस हंगाम ऊस तोडलेला माणूस.
कॉफीच्या टवका उडालेल्या कपात दिली.
घोट तोंडात धरून बसले,
माझ्यापेक्षा जास्त वेळ.
मग विचारलं, ऊस कुठला?
म्हटलं, आता मळी बोटीनं येते, ग्वातेमालाहून.
'तरीच,' म्हणाले.
'आपला शेवटी खारट लागायचा.
समुद्र बांधाला होता ना.'

उठले, चुलीजवळच्या डब्यातून
अंगठ्यावर चिमूटभर मीठ घेतलं,
चाटलं, वर दुसरा घोट.
'हं. आता बोलते.'
माझ्याही अंगठ्यावर ठेवलं, न विचारता.

खरंच बोलली.
केळं आलं, पिंप आलं,
आणि कितीतरी वेळ गेलंच नाही.

सकाळी वही उघडली.
नाक, जीभ, शेवट, भाव.
मिठाचा रकाना नाही.
'शेवट तोकडा' तसंच राहू दिलं.

बाटली फ्रिजमागे लपवून आले आहे,
बूच सैल लावून,
सहज सापडेल अशी.