हरायी

पुण्याच्या नर्सरीतून टेम्पोने आलं लॉन,
चटईसारखं गुंडाळलेलं, खालच्या लाल मातीसकट.
अमळनेरच्या काळ्या जमिनीवर आम्ही ते पसरलं
आणि कडा अशा जुळवल्या
जसे मी तीस वर्षं नकाशे जुळवले,
सांधा दिसू नये म्हणून.

मार्चपर्यंत ठीक चाललं.
टँकरचं पाणी, मूठमूठ युरिया,
नातवाला चप्पल काढायची सक्ती.
मग एका सकाळी सांध्यातून
वर आला एक दोर,
गाठीगाठीला पाय फुटलेला.

हराळी.

खुरप्याने काढली. विळ्याने काढली.
बायको झोपल्यावर जेवणाच्या चमच्याने.
धुडकू चौधरींच्या दुकानातलं औषध मारलं,
तर लॉन पिवळं पडलं;
हराळीने दहा दिवस सुतक पाळलं
आणि तेराव्याच्या जेवणाला हजर.

केवळबाई येते आठवड्यातून दोनदा.
तिच्या तोंडात ळ टिकत नाही.
केळीची केयी होते, डोळ्याचा डोया.
कमरेवर हात ठेवून ती बघत राहिली
हिरव्यातलं ते जास्त हिरवं:
फाटकापासून निघालेलं,
तुळशीला वळसा न घालता
थेट स्वयंपाकघराच्या भिंतीखाली शिरलेलं.

“आठे बांध व्हता, दादा.
मी निंदेल शे हाई वावर.
बांधवरली हरायी कोनी खंदत नही.”

मी आत गेलो. पेटी काढली.
गट नंबर एकशे सत्तेचाळीस,
बिनशेतीची मोजणी, खाली माझी सही.
दोन भावांतला बांध मीच रद्द केला होता
लाल पेनाच्या एका रेघेने,
चहा निवायच्या आत.
कुणाचं लुबाडलं नव्हतं काही.
दोघांनी विकलं, दोघांनी पेढे वाटले,
धाकट्याने तर माझा टेबलसुद्धा
जीपपर्यंत उचलून नेला.

बाहेर येऊन फाटकापासून भिंतीपर्यंत
सुतळी ताणली. सवय जात नाही.
वीतभरही फरक नव्हता.
माझ्या साखळीत नेहमी यायचा.

केवळबाईने खुरपं पदराला पुसलं.
“काढू का?”

गणपतीला सव्वा महिना आहे अजून,
मी म्हणालो,
दुर्वा लागतील.

जसं काही तेच कारण होतं.