मोजमाप पुस्तिका, पान सत्तावन्न

फाटकाशी पेंग्विन उभा, पोटात कचरा,
छातीवर 'मला वापरा'.
बावीस पेंग्विन मंजूर होते, सतरा आले.
आकडे मला अजून पाठ आहेत.

तोषिकाला सांगितलं नाही
की हा मासेमारीचा धक्का बाबांनी मोजलाय,
टेप धरून, सप्टेंबरच्या एका दुपारी.
वैनगंगा तेव्हा दोन्ही काठांना कोपरं टेकून बसली होती
आणि तांबड्या पाण्यातून अख्खी बाभूळ चालली होती वाहत,
वर एक बगळा, बिनतिकिटाचा.
पाण्याची पातळी: मी लिहिली.
सरासरी: तीसुद्धा मीच.
एका दिवसाचीही सरासरी निघते,
फक्त खाली सही लागते.

आज मार्चचा तिसरा रविवार.
मोठ्यांना दहा, गळासह वीस.
तिकीट फाडणारी पोरगी मोबाईलवरून मान न उचलता म्हणाली,
"मासे भेटले तं तुमचे,
नाही भेटले तं पैसे वापस नाही जी."

बत्तीस मीटर चाललो आम्ही.
लाल-पिवळ्या टाइल्स, चार तुटक्या
(मोजल्या, सवय).
टोकाला रेलिंग, रेलिंगला बोर्ड:
'खोल पाणी. सावधान.'
आणि खाली वाळू.
वाळूत कुणाची डांगरवाडी, विटांचे स्टंप मांडून दोन पोरं,
आणि नदी पार तिकडे, साठ-सत्तर पावलांवर,
शेजारी लग्न असावं
आणि आपल्याला बोलावणं नसावं
तशी, आपल्याच लगबगीत.

"बाबा, पाणी कुठंय?"
उत्तर मला येत होतं, पान नंबरासकट.
म्हणालो, "तू गळ तर टाक."

तिनं टाकला. ऑनलाइन मागवलेला, निळ्या रिळाचा,
टोकाला कणकेची गोळी.
दोरा उतरत गेला, उतरत गेला,
वाळूला टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.
ती मात्र उभी, श्वास रोखून.

धक्क्याखाली कुणीतरी खोकललं.
वाकून पाहिलं: खांबाच्या सावलीत
जाळं पसरून एक म्हातारा, दातात सुतळी.
दुधराम दिघोरे.
यानंच मला डोंग्यातून नेलं होतं तेव्हा,
टेपचं दुसरं टोक धरून, म्हणाला होता,
"सायेब, होळीले या न एकदा. मंग मोजा."
होळीपर्यंत माझी बदली झाली होती.

वर पाहून त्यानं ओळखलं, की नाही ओळखलं?
"बांधलं ते बरं केलं जी," तो म्हणाला,
"सावली मस्त पडते.
उन्हाळाभर जाळे इथंच विणतो आमी.
बायका वरतं झिंगे वाळवतात,
त्या लोखंडावर. लय तापते ते."
टोमणा असता तर बरं झालं असतं.
टोमण्याला निदान खुलासा देता येतो.

मग त्याला लटकता दोरा दिसला.
दोऱ्यावरून नजर हळूहळू वर, निळ्या रिळापर्यंत,
दोन घट्ट मुठींपर्यंत.
माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.
टोपलीवरचं ओलं पोतं सारलं,
सकाळची एक मरळ काढली, शेपूट अजून रागात,
गळाला लावली
आणि दोऱ्याला दिले दोन झटके.
थांबला.
मग तिसरा,
मासा विचार करायला जेवढा वेळ घेतो
तेवढा घेऊन.

"बाबा!"

मरळ हवेतून वर येत होती,
फूट-फूट, उन्हात ओली,
पाच मीटर चाळीस सेंटिमीटर,
माझ्या अक्षरातली उंची
पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगाची.
खाली क्रिकेट थांबलं होतं.

नंतर मी पैसे घेऊन उतरलो.
"कायचे?" दुधराम म्हणाला, सुतळी दातातच.
"लेकीनं धरली ना जी ते."

परतताना, पेंग्विनापाशी,
पिशवी छातीशी धरून ती थांबली.
"पाणी नव्हतंच, बाबा.
मला त्यांचे हात दिसत होते."
चार पावलं गेल्यावर:
"पण त्या आजोबांना सांगू नका हं."