सोळा रूपं

आमच्या भाषेत शब्द कधी एकटा येत नाही.
चार विभक्त्या, दोन वचनं,
वर 'एखादा' की 'तोच तो' याची वेगळी शेपटी:
एकेका नामाची सोळा रूपं.
म्हणून यादी लांबतच जाते.
शाळेच्या तळघरात, गरम पाण्याच्या पाइपांशेजारी
दर मंगळवारी मी, हाल्बेरा,
फ्योर्डातल्या एकतीस मुलांसाठी
घाण टाइप करते.

जे शब्द उभ्या जन्मात तोंडातून काढले नाहीत
ते बोटांनी काढले.
दोन-तीन अडले तेव्हा नवऱ्याला विचारलं.
तो कॉड साफ करत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.
म्हणाला, "पगार देतात तुला याचा?"

कॉफी खाली उतरते, चोथा कागदात राहतो.
गावाचा चोथा माझ्याकडे.

तरी गाळणीला नावं ठेवणार नाही मी.
ऑक्टोबरात दोघी मैत्रिणी शोधत होत्या
जेवण चुकवायचं कसं, घरी कळू न देता.
दार बंद मिळालं.
थोडा वेळ खडखडवलं त्यांनी, मग कंटाळून
घोड्यांचे फोटो बघत बसल्या.
त्या दुपारी मी स्वतःला एक बिस्किट जास्त दिलं
आणि यादीत 'वजन' घातलं, सोळाच्या सोळा रूपांत.
दुसऱ्या दिवशी चौथीतल्या कुणाच्या तरी वहीत:
'देवमासा. वजन: खूप.'

मग फेब्रुवारी.
डोंगरामागून ऊन परतलं होतं,
पण यंदा त्याच्या नावाचे पॅनकेक कुणी केले नाहीत.
नोंदीत मशीन क्रमांक सात,
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

प्रेत. अडवलं.
प्रेताला. अडवलं.
प्रेतापाशी. अडवलं.
प्रेताचं. अडवलं.
प्रेतं, प्रेतांना, प्रेतांपाशी...

वाटलं, कुणी टवाळ व्याकरणाचा तास करतोय.
बाराव्या ओळीत मात्र दोन शब्द जास्त होते:
'समुद्रातलं' आणि 'किती दिवसांनी'.

सात नंबरवर कोण बसतं हे नोंदीत नसतं.
गावात असतं.
स्तुर्ला. वय अकरा.
'स्वानुर' बोट निघून अठरा दिवस झालेले,
आणि बोटीवर त्याचा बाप.

शब्द काढायला चार सेकंद लागतात.
काढला.
पलीकडे काय आहे ते आधी स्वतः उघडून पाहिलं.
फोटो होते.
परत घातला.
मुख्याध्यापिका गुद्फिन्ना म्हणाली,
समुपदेशक येतील राजधानीहून, हवा निवळली की.
हवा निवळली नाही.

संध्याकाळी तलावाकडच्या गरम कुंडात
तो हनुवटीपर्यंत बुडून बसला होता, केसांवर बर्फ.
मी शेजारी उतरले.
बराच वेळ दोघांनी वाफ पाहिली.
मग म्हटलं, "माझा मामा असाच गेला होता. मी तुझ्याएवढी होते."
"किती दिवसांनी?"
सांगितलं. आकडा होता तसाच, गोल न करता.
कधी कधी नाहीच, हेही सांगितलं.
पाण्याखाली त्याची बोटं हलत होती,
मोजत असावा.

"तुझी ती यादी," तो म्हणाला, "तुला पाठ आहे?"
"बरीचशी."
"मग तुला काही विचारायचं असलं तर?"

उत्तराची वाट न बघता उठला
आणि अनवाणी पळत सुटला कपड्यांच्या खोलीकडे,
बर्फावरून, ओल्या फरशीवरून.
धावण्यास मनाई, अशी पाटी आहे तिथे.
मी वाचली.
काही बोलले नाही.